अडचण नावाचा रकाना

नसरीन मॅडम, मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता बीडमधल्या एका खासगी दवाखान्यात तुमचा मृत्यू झाला. कारण मेंदूतला रक्तस्राव. मला पावणेदहाला कोंडाबाईंचा फोन आला. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, असं मी त्यांना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, मेलेल्या माणसाचं बी दोनदा इचारता का?" मी फोन ठेवला आणि तुमच्या भावाला लावला. दहा वाजून पाच मिनिटांनी खात्री झाली.

दफन दुपारच्या नमाजानंतर झालं. मी कब्रस्तानात होतो. तीन मुठी माती दिली. कोंडाबाई आणि आणखी पाच पशुसखी मिळेल त्या एसटीने वडवणीहून आल्या होत्या. त्या तुमच्या गल्लीत, अब्बांच्या बंद गॅरेजसमोर थांबल्या. शेजारच्यांनी खुर्च्या आणून दिल्या. त्या बसल्या नाहीत.

एकवीस वर्षं मी जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो, आता आपल्या संस्थेत टिपणं आणि अहवाल लिहितो. मृत्यूच्या बातमीत शिक्षण, पदं, मागे कोण कोण, हे सगळं कुठल्या क्रमाने येतं ते मला माहीत आहे. ते मी इथे लिहीत नाही. जे अहवालात लिहायला हवं होतं आणि मी लिहिलं नाही, ते लिहितो आहे.

तुम्ही संस्थेत आलात तेव्हा थंडी होती. वडवणीच्या बाजारतळामागे दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा, एवढंच आपलं कार्यालय. काम शेळ्यांचं. वस्त्यांवरच्या बायका, ज्यांना आपण पशुसखी म्हणतो, शेळ्यांना लस टोचायच्या, जंताचं औषध पाजायच्या. त्यांच्या कामाची माहिती महिन्यातून एकदा पर्यवेक्षकाच्या अहवालातून वर जायची. त्या अहवालात बहुतेक महिने एकच शब्द असे : सुरळीत. तुमच्या नेमणुकीच्या पत्रात 'कार्यपद्धतीत सुधारणा' असं लिहिलेलं होतं. तुम्ही म्हणायचात, मला 'सुरळीत' हा शब्द काढायला आणलंय.

पहिल्याच बैठकीत तुम्ही फळ्यावर 'अ‍ॅजाइल' असं लिहिलंत. सचिव साहेब म्हणाले, अजा म्हणजे शेळी, तेव्हा हे आपल्याच धंद्यातलं काहीतरी दिसतंय. सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि तो शब्द पुसून टाकलात. त्यानंतर तो मी तुमच्या तोंडून ऐकला नाही. नाव राहू द्या, काम बघू, एवढंच तुम्ही म्हणालात.

पुण्यात अकरा वर्षं तुम्ही सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ही पद्धत बसवून देत होतात. पण एकदा जीपमधून वस्तीवर जाताना तुम्ही सांगितलंत की ती तुम्ही आधी गॅरेजातच बघितली होती. अब्बा रोज सकाळी तिन्ही मेकॅनिकांना उघड्या इंजिनाभोवती उभं करायचे. काल काय खोललं, आज काय बसवायचं, कुठला पार्ट आला नाही. चहा यायच्या आत बोलणं संपलेलं असायचं. तुम्ही म्हणालात, "तीनच सवाल, सर. त्याच तीन सवालांसाठी कंपनीने मला परदेशी माणसाकडून आठवडाभर ट्रेनिंग दिलं."

तसंच तुम्ही व्हरांड्यात सुरू केलंत. सकाळी सव्वानऊ. सगळे उभे. सचिव साहेब पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन आले. तुम्ही सगळ्यांना त्यांच्या खुर्चीमागे गोल करायला लावलंत. साहेबांना मान वळवून वळवून ऐकावं लागलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची आली नाही. बोलायची पाळी कुणाची ते कळावं म्हणून तुम्ही शेळीच्या दाव्याचा हातभर तुकडा आणला होता. ज्याच्या हातात दावं, त्यानेच बोलायचं. बायका तुम्हाला आपा म्हणायच्या. कोंडाबाईंच्या हातात ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दावं माज्याच हातात? मंग बांधली कोन गेली, आपा?" त्या दिवशी दहा मिनिटांचं बोलणं पंचवीस मिनिटं चाललं. माझ्या टिपणात 'वेळेचे पालन झाले नाही' अशी नोंद आहे. सगळे हसत होते, ही नोंद नाही.

काम लहान लहान तुकड्यांत वाटून घ्यायचं आणि दर तुकड्यानंतर थांबून बघायचं, हा तुमचा दुसरा नियम. त्या तुकड्याला मराठीत काय म्हणायचं ते तुम्ही मला विचारलंत. घरात तुमची दखनी, शाळा उर्दू, पुढे सगळं इंग्रजी. मराठी तुमची, शब्द तुम्ही द्या, असं म्हणालात. कुणीतरी 'पाळी' सुचवलं होतं. ते मी कापलं, कारण बायकांच्या कामात तो शब्द बरा दिसला नसता. या सावधपणाबद्दल मी दिवसभर स्वतःवर खूश होतो. शेवटी आठवडी बाजारावरून 'बाजार' हा शब्द ठरला. ह्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंतचं काम. बायकांना तो लगेच रुळला.

मग भिंतीवरच्या फलकाचे चार रकाने. त्यांचीही नावं मीच दिली. करायचं. चालू. अडचण. झालं. तिसऱ्या नावावर मी एक मिनिटही घालवलं नव्हतं.

चिठ्ठ्या सरकू लागल्या. करायच्या चालूत, चालूतल्या झाल्यात. अडचणीचा रकाना मात्र रिकामा राहिला, दर बाजाराला. पाहुणे आले की सचिव साहेब त्यांना तो दाखवत. तुम्हाला तो बघवत नव्हता. रिकामा रकाना म्हणजे कुणीतरी घाबरतंय, असं तुम्ही म्हणायचात. मग तुम्ही गोलात एकेकीला नाव घेऊन विचारायला लागलात. कोंडाबाई, तुमची अडचण काय? सखूबाई, तुमची? व्हरांड्यात जीपचा ड्रायव्हर असे, औषधाची खोकी उतरवणारे हमाल असत. बायका खाली बघायच्या. मागे कुणीतरी तोंडाला पदर लावायचं. दावं पुढे जायचं. मी लिहायचो : उत्तर नाही.

त्याच काळातली एक चिठ्ठी माझ्या नावाची होती. तुम्ही ती कधी लावलीत ते मला दिसलं नव्हतं. 'सर दुपारी जेवत नाहीत.' वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यापासून मी डबा आणत नव्हतो; बाहेर जेवतो, असं घरी सांगितलं होतं. अडचणीच्या रकान्यात तोवर लागलेली ती एकमेव चिठ्ठी. मी ती काढून खिशात घातली आणि पशुसखीची नसल्याने मोजली नाही. दुसऱ्या दिवसापासून कोंडाबाई भाकरी जास्तीची आणू लागल्या. मी तुमचे आभार मानले नाहीत. ती भाकरी मी पाच महिने खाल्ली.

उन्हाळ्याच्या शेवटी लसीकरण झालं. पावसाळा लागल्यावर कोंडाबाईंच्या भागातल्या दोन वस्त्यांवर एकोणीस शेळ्या मेल्या. सगळ्यांना लस टोचलेली होती. पशुवैद्यांनी सांगितलं, लस बर्फात न राहिल्याने उन्हाने बाद झालेली असावी. वस्तीवरच्या लोकांनी कोंडाबाईंना सुई घेऊन पुन्हा यायचं नाही असं बजावलं. ज्या घरी त्या पाणी प्यायच्या, त्या घरच्या बाईने दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी त्या तुम्हाला कार्यालयामागच्या हौदाशी घेऊन गेल्या. मी खिडकीतून बघत होतो, ऐकू येत नव्हतं. परत येऊन तुम्ही पायरीवर बसलात आणि त्यांचे शब्द मला जसेच्या तसे सांगितलेत. "बर्फाचं तिसऱ्या वस्तीला जाईस्तोवर पानी होतंय, हे आमाला पैल्यापासनं ठावं हाय. पन माज्या नावाची चिठ्ठी अडचणीखाली कशी लावू, आपा? गडीमानसं येत्यात-जात्यात तिथं."

आपल्या भागातल्या खेड्यांत बाई 'अडचण हाय' म्हणते तेव्हा ती महिन्याचे चार दिवस सांगत असते. देवळात न येण्याचं, चुलीला न शिवण्याचं कारण सांगत असते. तो शब्द ती बाईजवळ बोलते, हळू बोलते. तुम्ही पायरीवर बसून म्हणालात, "सर, मी इतके दिवस भर व्हरांड्यात ह्यांना काय विचारत होते?" मी टिपणवही मिटली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो शब्द फाडून काढलात आणि बायकांनाच नवा विचारलात. कोंडाबाईंनी दिला : रुतलंय. गाडी चिखलात रुतते तसं. चार दिवसांत त्या रकान्यात जागा उरली नाही. फ्रीज दुपारी बंद असतो. थंड डब्याचं झाकण बसत नाही. जीप लांबच्या वस्तीला आधी जात नाही. सुया बोथट आल्या. सखूबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांनी चिठ्ठीवर डबा काढला आणि खाली पाण्याचे थेंब.

संचालकांनी शेळ्यांच्या मृत्यूचा अहवाल मागवला. तो लिहायचं काम माझं होतं. सात पानं. त्यातली दोन वाक्यं तुम्हाला पाठ झाली होती. 'लसीकरणाच्या कालावधीत अडचण या रकान्यात एकाही पशुसखीने नोंद केली नाही. बर्फ वितळत असल्याची कल्पना श्रीमती कोंडाबाई यांनी कार्यालयास दिली नाही.' दोन्ही वाक्यं खरी आहेत. तुम्हाला तिसरं वाक्य हवं होतं, शब्द चुकल्याचं.

मी म्हणालो, एका बाईच्या सांगण्यावर लिहिता येणार नाही. दुसरीकडून खात्री व्हायला हवी. तुम्ही म्हणालात, मग दुसरीला विचारा. मी विचारलं. चार पशुसखींना एकेक करून खोलीत बोलावलं. टेबलाच्या अलीकडे मी, हातात पेन. अडचण या शब्दामुळे काही अडचण आली का, असं मी विचारलं. वाक्य असंच होतं. चौघींनीही "न्हाई" म्हणून सांगितलं. ते मी टिपून घेतलं.

तुमचं माझं भांडण त्या संध्याकाळी बीडच्या एसटीत झालं, हळू आवाजात, कारण पुढच्या सीटवर पर्यवेक्षक होते. तुम्ही म्हणालात, टेबलापलीकडच्या बाप्याला कोण सांगणार? मी म्हणालो, नियम नियम आहे. तुम्ही म्हणालात, मी बाई आहे, मी सांगते, मला दुसरी धरा. मी म्हणालो, तुम्ही हितसंबंधी आहात. तुम्ही भरलेल्या रकान्याचं विचारलंत, शब्द बदलताच तो कसा भरला? मी म्हणालो, शेळ्या मेल्यावर सगळेच बोलतात, शिवाय अहवालाचा कालावधी त्याआधी संपतो. एसटीला घाटसावळीचा थांबा आला, गेला. मग तुम्ही एवढंच विचारलंत :

"शब्द कुणाचा होता, सर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. फलकावरचे शब्द कुणी दिले, याचा उल्लेख सात पानांत कुठेही नव्हता. तो विसरून राहिला नव्हता.

संचालकांच्या सभेत अहवाल वाचला गेला. सचिव साहेबांना मी दोष देत नाही. वस्तीवरची माणसं रोज त्यांच्या दारात येत होती, त्यांना उत्तर हवं होतं आणि ते माझ्या अहवालात लिहून ठेवलेलं होतं. ठराव चार झाले. फलक काढावा. मासिक अहवालाची पद्धत पूर्ववत सुरू करावी. कोंडाबाईंचं नाव पशुसखींच्या यादीतून कमी करावं. तुमच्या कराराला मुदतवाढ देऊ नये. सभेनंतर मी तुम्हाला ठराव वाचून दाखवले. तुम्ही तिसऱ्याशी मला थांबवलंत आणि पुन्हा वाचायला लावलंत. चौथ्याबद्दल काही विचारलं नाहीत.

फलकावरच्या चिठ्ठ्या तुम्ही स्वतः काढल्यात, रकान्याप्रमाणे, वेगवेगळ्या पाकिटांत. महिना संपेपर्यंत रोज वेळेवर येत होतात. सव्वानऊला व्हरांड्यात एकट्याच उभ्या राहायचात, पाच मिनिटं, मग आत येऊन बसायचात. मी आतल्या टेबलावरून बघायचो. उठून बाहेर आलो नाही.

तुम्ही संस्था सोडल्यावर आपला फोन एकदाच झाला. मृत्यूच्या अकरा दिवस आधी. दोन मिनिटं दहा सेकंद. अब्बांच्या गॅरेजचा हिशेब तुम्ही बघत होतात, डोकं दुखतंय म्हणालात, उन्हाचं असेल म्हणालात. मग विचारलंत, कोंडाबाईंचं काय झालं? मी सांगितलं, त्या आता ऊसतोडीच्या टोळीत नाव घालायच्या विचारात आहेत. मग म्हणालात, "माझं सोडा, सर. त्यांचं नाव तेवढं साफ करा." मी म्हणालो, दुसरी खात्री मिळाली तर लिहितो. तुम्ही तुमच्या दखनीत "हौ" म्हणालात. त्या 'हौ'चा अर्थ काय घ्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दफनाहून मी पाच वाजता घरी पोहोचलो. सुमनने, माझ्या पत्नीने, आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. ती वडवणीजवळच्या दिंद्रुडची. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. कार्यालयातलं मी घरी सांगत नाही, वर्तमानपत्रात असतानाही सांगत नव्हतो. त्या दिवशी तिने विचारलं, कोण होत्या ह्या बाई, तुम्ही इतके गप्प का. मी सांगत गेलो. व्हरांडा, दावं, शेळ्या, अहवाल. तिने मध्येच विचारलं, त्या रकान्याला नाव काय दिलं होतं? मी सांगितलं. ती चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"बायांला चारचौघांत अडचण इचारली? अन् त्या बोलल्या न्हाईत म्हनून लिवलं?"

या शब्दाचा तो अर्थ तुला कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, कळती झाले तेव्हापासून. माहेरी तोच शब्द. आमच्या घरी, म्हणजे तिच्या सासरी, माझी आई 'बाहेरची' म्हणायची, म्हणून लग्नानंतर तिनेही तेच घेतलं. मला सव्वीस वर्षांत तो शब्द ऐकू आला नाही, कारण ती माझ्या घरात माझ्या घरचा शब्द बोलत होती. दुसरी खात्री मिळायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. ती मला अहवाल लिहिताना मिळाली असती. त्याआधी, फलकाची नावं देतानाही मिळाली असती.

ती म्हणाली, "मला कावून इचारलं न्हाई?"

हा प्रश्न तुम्हीही विचारला असतात. तुमच्या जिवंतपणी त्याचं उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली नाही, एवढंच.

बुधवारी मी शुद्धिपत्र लिहिलं. दीड पान. त्यात पुढील गोष्टी आहेत. 'अडचण' हा शब्द प्रस्तुत अहवालाच्या लेखकाने सुचवला होता. या परिसरातील स्त्रिया तो मासिक पाळीसाठी वापरतात. या अर्थाची खात्री दोन ठिकाणांहून झाली आहे. पहिली श्रीमती कोंडाबाई, दुसरी लेखकाची पत्नी श्रीमती सुमन. पशुसखींनी त्या रकान्यात नोंद न करण्याचं कारण हे आहे. चार पशुसखींना लेखकाने विचारलेला प्रश्न सदोष होता. सबब, कोंडाबाई यांच्याविषयीचं वाक्य मागे घेण्यात येत असून त्यांचं नाव यादीत पूर्ववत घ्यावं, ही विनंती. तुमचं नाव शेवटच्या परिच्छेदात आहे : शब्द चुकल्याचं सर्वप्रथम नसरीन मॅडम यांनी निदर्शनास आणलं होतं, लेखकाने ते नोंदवलं नाही.

सुमनने ते वाचलं. आपलं नाव सरकारी कागदासारख्या कागदावर बघून ती आधी लाजली, मग म्हणाली, राहू द्या.

गुरुवारी सकाळी मी दोन प्रती घेऊन सचिव साहेबांकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, आता बाईच राहिल्या नाहीत, आता हे कशासाठी? मी म्हणालो, कोंडाबाई आहेत. ते म्हणाले, बघतो. एक प्रत त्यांनी ठेवून घेतली, दुसरीवर लिपिकाने आवक शिक्का मारून दिला.

शनिवारी कोंडाबाई बाजाराला आल्या होत्या. मी त्यांना शुद्धिपत्राचं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यात तो शब्द लिहिलाय का? मी म्हणालो, हो, अर्थासकट. त्या पदर नीट करत म्हणाल्या, "आपा असत्या तर लई हसल्या असत्या." मग त्या रडल्या. ऊसतोडीचं त्यांनी अजून पक्कं केलेलं नाही, दिवाळीपर्यंत वाट बघणार आहेत.

सोमवारी साडेअकरा वाजता मी लिपिकाकडून फाइल मागून घेतली. शुद्धिपत्र अहवालाच्या मागे लावलेलं आहे; पशुसखींची यादी होती तशीच आहे. समासात सचिव साहेबांची सही, गुरुवारचीच तारीख आणि दोन शब्दांचा शेरा आहे : दप्तरी दाखल.